वयनीच्या पायांचा नवस

२७ ऑक्टोबर, सोमवार
गोव्याहून परत. अंग मोडून आलंय. डॉक्टर तरुण, चांगला माणूस. मला व्हरांड्यात नेऊन म्हणाला, "आता यांना इतक्या लांब आणू नका. घरी ठेवा, आरामात ठेवा." मी विचारलं, पुढचं औषध काय? म्हणाला, दुखणं जमेल तेवढं कमी ठेवायचं. मी परत विचारलं. त्याने परत तेच सांगितलं. कमरेच्या आणि पाठीच्या हाडांत गेलंय ते.

वयनी मागच्या सीटवर डोळे मिटून पडलेली. झोपली असेल असं धरून चाललो. बांद्याला चहाला थांबलो तर आवाज आला, "माका भजी घे." अर्धी खाल्ली, अर्धी कागदात गुंडाळून ठेवली. मग,
"डॉक्टर काय म्हणालो?"
"आराम करूचो म्हणालो."
"डेपोत होतंस तेव्हा पण असाच सांगायचंस. गाडी येता, गाडी येता."

खरं आहे. उभं आयुष्य एसटीत कंट्रोलर म्हणून काढलं. खिडकीपाशी माणूस एकच विचारणार, गाडी कधी सुटणार. ठाऊक नसलं तरी काहीतरी सांगावं लागतं. गप्प बसलात तर लोक अंगावर येतात.

३० ऑक्टोबर
प्रशांत, वयनीचा एकुलता, दिवाळी करून डोंबिवलीला गेला. रोज फोन. "काका, अजून काही करता येईल का?" आज मीच त्याला हे विचारलं. मग तो म्हणाला मीटिंग आहे.

व्यवस्था ठरली. सकाळची आंघोळ सौ. घालणार. दुपारची पेज आणि संध्याकाळ माझ्याकडे. घरं एकाच आवारात, मध्ये चार माड. दादा गेल्यापासून वयनी एकटी राहते. आमच्यात ये म्हटलं तर, "माजी चूल माका पुरे." आता चूल पेटत नाही, तरी येत नाही.

ती लग्न होऊन आली तेव्हा मी चौथीत. आई अंथरुणाला. माझ्या डोक्यातल्या उवा काढण्यापासून सगळं तिनेच केलं. अजून मला बाबी म्हणणारी तेवढी एकच.

४ नोव्हेंबर
लोकांची रीघ. एकाने गुळवेल आणली. एकाला सांगलीकडचा वैद्य माहीत. एकीच्या मेव्हणीला हेच झालं होतं आणि ती आता नातवंडं सांभाळते. जाताना सगळ्यांचं एकच, मन घट्ट करा.

सगळे गेल्यावर वयनी म्हणाली, "येतत ते उभ्यानच बोलतत. एकान तरी पाट घेतल्यान?"
मीही सकाळी हळद आणि काळ्या मिरीचं काहीतरी फोनवर वाचून तिला सांगून आलो होतो. दारात उभा राहून.

९ नोव्हेंबर
दुखणं वाढलं. गोळीचा असर उतरला की पदर दातांत धरते. ओरडत नाही. ओरडली असती तर बरं, असं वाटतं.

मी टीव्ही लावला. बंद कर म्हणाली. मग रापणीच्या जाळ्याला बांगडा किती लागला ते सांगत बसलो. तोंडवलीच्या होमस्टेवाल्यांचं भांडण सांगितलं. ती ऐकतही नव्हती. मग "माडांना पाणी लावून येतो" म्हणून उठलो. माडांना सकाळीच लावलं होतं. पळालो, दुसरं काय.

१५ नोव्हेंबर
काही नाही. कालच्यासारखंच. पेज दोन चमचे.

२१ नोव्हेंबर, देवदिवाळी
आज बरं वाटतंय. खूप दिवसांनी.

देवळात गाव जमलेला. गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा, दादानंतर माझा. नेहमीप्रमाणे घातलं. मी एकेक वाक्य टाकायचं, मागून सगळ्यांनी "व्हय म्हाराजा". त्यांनी म्हटलं की ते रवळनाथाकडे पोचलं. पीकपाणी झालं, होड्या झाल्या, मुंबईकर झाले. मी आटोपतं घेत होतो, तेवढ्यात कोणीतरी मागून म्हणालं, "वयनीसाठी पण घाल मरे."

मग थांबलो नाही. शब्द आपोआप आले. "बा देवा म्हाराजा, आमच्या घरची मोठी सून, तिच्या अंगातला दुखणा काढ. ती बरी होवन, आपल्या पायान चलत तुज्या पायरेर येतली आनि केळ्यांचो घड ठेयतली रे म्हाराजा." देऊळ दणाणलं. व्हय म्हाराजा. म्हाताऱ्यांचे डोळे पुसून झाले, माझेही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं, आपण तिच्यासाठी काहीतरी केलं.

सौ.ला सांगितलं. ती वात सारत राहिली.

२२ नोव्हेंबर
वयनीला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ऐकून घेतलं सगळं.
"माका इचारलंस?"
म्हटलं, तुझ्या भल्यासाठीच ना.
"माजे पाय नवसाक लावलंस. ते काय तुजे?"
मी म्हटलं, देव बघेल. तिने भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळाने, "ना फेडलेलो नवस खंय जाता, ठाऊक आसा मा? मी गेलंय काय प्रशांतच्या मानेर. मगे तेच्या पोराच्या."
मी म्हटलं, तू जायचं कशाला बोलतेस.
"तूच बोल मगे."

पेज घेतली नाही.

२८ नोव्हेंबर
आजचं लिहायला रात्र झाली.

सकाळी सौ. आंघोळीचं पाणी घेऊन गेली तर खाट रिकामी. वयनी पायरीखाली पडलेली. ठेवणीतलं लुगडं नेसलेली. वेणी घातलेली, कशी घातली तिची तिला माहीत. बाजूला आमच्याच परसातल्या केळ्यांचा घड, काल सौ.ने वयनीच्या पडवीत टांगलेला. पाच-सहा केळी सुटून अंगणात पडलेली. तोंड देवळाच्या दिशेला.

आम्ही उचललं तेव्हा पहिल्यांदा ओरडली. तो आवाज कानातून जात नाही.

डॉक्टर घरी येऊन गेले. खुब्याचं हाड. आधीच पोखरलेलं होतं, म्हणाले. ऑपरेशन होण्यासारखं नाही. हलवू नका, गोळी वाढवा. प्रशांतला मीच कळवलं. तो फोनवर रडला. मीही.

हे माझ्यामुळे झालं. सौ. म्हणते असं म्हणू नका, पण ती माझ्याकडे बघत नाही.

१ डिसेंबर
वयनी रागावलेली नाही. रागावली असती तर पाय तरी धरले असते.
आज म्हणाली, "बाबी, तो नवस सोडव."
म्हटलं, सोडवू गो, आधी तू जरा सावर.
"मी सावरूची नाय म्हणानच सांगतंय."
"असं बोलू नको."
"जत्रेक सोडव. ज्येनी व्हय म्हटलेनी तेंच्या समोर."

जत्रा नऊ तारखेला. पाणी आणायला उठलो.

३ डिसेंबर
तातूकडे गेलो. तातू देवळाचा गुरव, ऐंशीच्या पुढचा, कानाने अर्धा पण बाकी शाबूत. विचारलं, नवस परत घेता येतो का?
"घेतलेलो आयकूक नाय." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "पण रवळनाथ काय तुमचो एसटीचो सायब नाय, नेमाक बोट दाखवणारो. घाल गाऱ्हाणा."

घालतो म्हणणं सोपं. म्हणजे जत्रेत, माइकवर, सगळ्या गावासमोर माझ्या तोंडाने सांगायचं की ती उठणार नाही. आणि त्यावर गावाने होय म्हणायचं. ज्या तोंडाने मागितलं त्याच तोंडाने. माझ्याच्याने होणार नाही हे.

४ डिसेंबर
आज एक झालं. जसं झालं तसं लिहून ठेवतो.

दुपार. सौ.ने तिला कुशीवर वळवून पाठीला उशी लावून दिली आणि गेली. मी पाट घेऊन भिंतीला टेकून बसलो. गप्प होतो. त्यात शहाणपण काही नाही, बोलायला काही उरलंच नव्हतं. आणि पळायचं तर आता तोंड नव्हतं.

वयनी भिंतीकडे बघत एकदम माझ्याच सुरात, माझ्या देवळातल्या सुरात,
"बा देवा म्हाराजा."
मी बघत राहिलो. आमच्यात बायका गाऱ्हाणं घालत नाहीत.
"ह्या माज्या उजव्या पायात इस्तो पेटलो आसा रे म्हाराजा."
थांबली. वाट बघत होती. मला कळेना.
"तोंड शिवलंस काय? तू घालतंस तेव्हा गाव काय म्हणता?"
"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.
"तसा म्हण."

मग सुरू झाली. दम घेत, मध्ये मध्ये कण्हत.
"सून फोनार सांगता, पॉझिटिव्ह रवा. ता काय आसता ता तिका कोणीतरी इचारा रे म्हाराजा."
"व्हय म्हाराजा."
"आटवलीत मीठ नसता रे म्हाराजा."
"व्हय म्हाराजा." आटवल, तिचा मऊ भात, मीच शिजवतो. हसू आलं. तीही हसली, मग हसल्याने दुखलं म्हणून डोळे गच्च मिटले.
"ह्येचो थोरलो भाव माका न सांगता गेलो, तेचो राग अजून जावक नाय रे म्हाराजा."
"व्हय म्हाराजा." दादा झोपेत गेला. ती त्याच्याबद्दल कधी रडली नव्हती.
तिने चादर हनुवटीपर्यंत ओढली. मला वाटलं संपलं.
"माका भिया वाटता रे म्हाराजा."

भिऊ नको, मी आहे, प्रशांत येतोय, डॉक्टर गोळी वाढवणार आहेत, हे सगळं तोंडाशी आलं. पण गाऱ्हाण्यात मागच्यांनी मध्ये बोलायची रीत नाही. जे सांगितलं त्याला होय म्हणायचं, बस्स.
"व्हय म्हाराजा."

तिने पाणी मागितलं. चमच्याने पाजलं. दुखणं होतं तिथेच होतं. मी संध्याकाळपर्यंत बसलो. उठावंसं वाटलं नाही, एवढंच.

६ डिसेंबर
रोज दुपारी आता हेच. कधी चार वाक्यं, कधी एकच. आज पाठीची खाज, खिडकीतला कावळा, आणि लग्नात आईने तिला दिलेली पण नंतर परत घेतलेली नथ. मला ही नथ ठाऊकच नव्हती. आईवर राग आला, तोही मध्ये बोललो नाही.

शेवटी, "माजो दीर माका अडकवन बसलो आसा रे म्हाराजा."
मी काही म्हटलं नाही.
"म्हण."
"वयनी..."
"तुज्या तोंडातसून निघना नाय, म्हणान मी हय पडलंय. म्हण रे."
म्हटलं. घरी येऊन जेवलो नाही. सौ.ने ताट झाकून ठेवलं.

८ डिसेंबर
उद्या जत्रा. गाव माणसांनी भरलाय, मुंबईकर उतरले. मळ्यात नारळवाले, गुळाचं खाजं विकणारे बसले. दशावताराचा टेम्पो आला. जो भेटतो तो, "वयनी कशी आसा?" मी "आसा" म्हणतो. "नवस पावतलो बघ," एकजण म्हणाला. त्याचा काय दोष?

ठरत नाही माझं. मान सोडून दुसऱ्याला घालायला सांगावं का? चुलतभाऊ तयार आहे. तो चांगलं घालतो, आवाजही मोठा.

९ डिसेंबर, मंगळवार. जत्रा
घातलं. मीच घातलं.

सौ. वयनीपाशी थांबली. म्हणाली, तुम्ही जा, इथून ऐकू येतं. खरंच येतं, कर्णा आमच्याच बाजूला बांधलेला.

आधीचं सगळं नेहमीसारखं. पीक, होड्या, आंब्याचा मोहोर, पोरांच्या नोकऱ्या. गाव रंगात. मग म्हटलं,
"बा देवा म्हाराजा, देवदिवाळीक मी माज्या वयनीच्या नावान नवस बोललंय."
"व्हय म्हाराजा!"
"तिका न इचारता बोललंय."
थोडे आवाज आले, थोडे नाही.
"ती आता चलाची नाय रे म्हाराजा."
कोणी बोललं नाही.
परत म्हटलं. "ती उठाची नाय रे म्हाराजा."
अख्खी जत्रा गप्प. खाजेवाल्याने तागडी खाली ठेवली. ज्यांना मी लहानपणापासून ओळखतो ते खाली बघत होते. त्यांच्यावर चिडायचा मला काय हक्क? इतके दिवस मीही तेच केलं. बिनउत्तराचं गाऱ्हाणं पुढे नेता येत नाही. माइक हातात घेऊन उभा राहिलो.

मग पायरीवरून तातूचा आवाज, फाटका, एकट्याचा. "व्हय म्हाराजा." त्याच्यामागून एक, मग दोन, मग सगळे, पण हळू. देवळात इतक्या हळू म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.
"तो नवस सोड. तिचे पाय तिका परत दी रे म्हाराजा."
"व्हय म्हाराजा."

उतरलो. कोणी पाठीवर हात ठेवला, कोणी वाट दिली. उपाय कोणी सांगितला नाही.

१० डिसेंबर
काल घरी आलो तेव्हा सौ. वयनीच्या मागच्या पडवीत. तोंड चुलीकडे करूनच सांगितलं तिने.

"कर्णो गप झालो तेव्हा माका वाटला लाईट गेली. तर ह्या वयनी खाटेरसून म्हणतत, व्हय म्हाराजा. मोठ्यान. मगे माका म्हणाक लागले, शाले, तू पण म्हण गो. मी नाय म्हटलंय. परत म्हणाले. मगे म्हटलंय." जरा थांबून, "तातू मागसून बोललो. पयली माजी जावच बोलली."

मी पायरीवर बसून राहिलो. मग आत गेलो. वयनीचे डोळे उघडे. म्हटलं, आता काहीतरी बोलेल. आशीर्वाद देईल, माफ केलं म्हणेल.
"खाजा हाडलंस?"
आणलं नव्हतं. विसरलो.
"एक काम धड करीत तर शपथ."
आज सकाळी परत जाऊन आणलं. उरलेलं, जरा मऊ पडलेलं. तिने एक तुकडा तोंडात धरला, चघळला, काढून ठेवला. बरं लागलं म्हणाली.

१४ डिसेंबर
दुखणं कमी नाही. नवस सुटला म्हणून देवाने काही सूट दिलेली नाही. मनाच्या एका कोपऱ्यात मला वाटलं होतं देईल. गोळी वाढली, त्याने झोप जास्त, पोट अडलेलं. सौ.ची कंबर धरलीय. माझंही वय झालं, हे आता खाटेपाशी वाकताना कळतं.

दमलोय. आणि हे संपावं असंही वाटतं, मग तसं वाटल्याची लाज वाटते. कोणाला सांगणार? इथे लिहिलं.

१७ डिसेंबर
प्रशांत रजा टाकून आला. आल्या आल्या गादी बदलू का, पंखा दुसरा आणू का, मुंबईचे डॉक्टर फोनवर घेऊ का. सगळं उभ्याने. मी पाट पुढे सरकवला.
"काका, पण करू काय मी?"
"बस."
बसला. थोड्या वेळाने फोन काढला. मग ठेवला.

१९ डिसेंबर
आज बोलणं जवळजवळ नाही. श्वास मोठा. खिडकीतून मोहोराचा वास येतो, तो तिला येतो की नाही कळत नाही.

दुपारी नेहमीच्या वेळेला मी आणि प्रशांत, दोघे पाटांवर. वयनीने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. आवाज नाही. प्रशांत पुढे वाकला, "आई, काय होया तुका? काका, विचारा ना तिला." मी विचारलं नाही. कानही लावला नाही तोंडाला. पायाचं असेल, मिठाचं असेल, दादाचं असेल, भीतीचं असेल.
"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.
ती बघत होती. परत ओठ हलले.
"व्हय म्हाराजा." या खेपेला प्रशांतचाही आवाज आला, अगदी हळू.
तिने डोळे मिटले. श्वास चालू आहे. परत ओठ हलतील म्हणून दोघे बसून आहोत.